लेटेक ओरडले की नेमके कुठे बघायचे?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक: प्रबंध, पुस्तक किंवा नियतकालिकाचा साचा आमच्याकडून घेऊन मजकूर स्वतः भरणाऱ्यांसाठी

"काल चालत होतं, आज अडलंय. आणि जी ओळ दाखवतंय तिथे तर काहीच चुकलेलं नाही!" आम्हाला येणारे बरेच फोन असे सुरू होतात. बहुतेक वेळा ग्राहकाचे म्हणणे खरे असते. लेटेक (मजकूर आणि त्यातल्या आज्ञा वाचून पाने रचणारी प्रणाली) ज्या ओळीचा क्रमांक देते, तिथे त्याला चूक उमगलेली असते. ती झालेली असते बरीच आधी, कधी कधी दहा पाने आधी.

संदेश विचित्र वाटण्याचे दुसरे कारण म्हणजे आत दोन थर आहेत. खालचा टेक, डोनाल्ड क्नूथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतलेला. वरचा लेटेक, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात त्यावर चढवलेला. तुम्ही वरच्या थराच्या आज्ञा लिहिता, पण तक्रार बऱ्याचदा खालचा थर करतो, तीही आतल्या नावांनी. म्हणून संदेशात '@' असलेले, तुम्ही कधीच न टंकलेले शब्द दिसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

आधी पहिली चूक

लॉग फाइलमध्ये (फाइल चालवली की लेटेक आपल्या नोंदी जिथे लिहिते तिथे) उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ शोधा. ओव्हरलीफ (लेटेक ब्राउझरमध्ये चालवणारे संकेतस्थळ) वापरत असाल तर 'रीकंपाइल'शेजारच्या बाणावर टिचकी मारून 'स्टॉप ऑन फर्स्ट एरर' सुरू करा. पहिल्या चुकीनंतर टेक स्वतःच्या अंदाजाने काहीतरी दुरुस्ती करून पुढे रेटते, आणि पुढच्या चाळीस चुका बहुधा त्या अंदाजाची पिलावळ असते. एका परिच्छेदात १०० चुका झाल्या की तेही हात टेकते.

उद्गारचिन्हाखाली ओळ क्रमांक आणि तुमचीच ओळ दोन तुकड्यांत मोडलेली दिसेल. वरचा तुकडा वाचून झालेला, खालचा वाचायचा राहिलेला. 'अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स' असेल तर वरच्या तुकड्यातला अगदी शेवटचा शब्द बघा. एकतर आज्ञेचे स्पेलिंग चुकले आहे किंवा ती आज्ञा पुरवणारे पॅकेज, म्हणजे जादा आज्ञांचा संच, बोलावलेले नाही.

'रनअवे आर्ग्युमेंट?'

सर्वात जास्त वेळ खाणारा संदेश हाच. महिरपी कंस उघडला आणि बंद झालाच नाही, असा त्याचा अर्थ. कंस मिटवायला विसरणे हे नेहमीचे कारण. पण मराठी प्रबंधांत आम्हाला वारंवार सापडणारा गुन्हेगार म्हणजे टक्क्याचे चिन्ह. तळटीपेत '८२% गावांत' असे लिहिले की % पासून ओळीच्या शेवटापर्यंतचे सगळे लेटेक टिपण समजून सोडून देते. बंद करणारा कंस त्याच ओळीत असेल तर तोही गेला. टक्का छापायचा असेल तर \% असेच लिहायला हवे.

आता ही चूक कुठे पकडली जाते ते पाहा. काही आज्ञांत कंस राहिला असेल तर पुढच्या रिकाम्या ओळीपाशी, कारण त्या आज्ञांना परिच्छेद ओलांडायची मुभा नाही. तळटीपेला मात्र ती मुभा आहे. त्यामुळे ती पुढचे सगळे परिच्छेद गिळत जाते आणि चूक दाखवली जाते फाइल संपल्यावर: 'फाइल एंडेड व्हाइल स्कॅनिंग यूज ऑफ' वगैरे. अशा वेळी ओळ क्रमांक सोडा. 'रनअवे आर्ग्युमेंट?' या शब्दांच्या लगेच खाली तुमच्याच मजकुराचे काही शब्द छापलेले असतात. पळ तिथून सुरू झालेला असतो. ते शब्द मूळ फाइलमध्ये शोधले की चूक समोर येते.

दुरुस्ती करूनही तीच तक्रार आली तर 'ऑक्स' आणि 'टीओसी' या साहाय्यक फाइली काढून टाका. मागच्या वेळचा बिघडलेला मजकूर त्यांत साठून राहतो. ओव्हरलीफवर 'क्लिअर कॅश्ड फाइल्स' करा.

$, _, &, #

'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' म्हणजे गणिती सूत्राबाहेर अधोरेषा (_) आली; ईमेल पत्त्यात किंवा फाइलच्या नावात ती हमखास असते. संदर्भसूचीत प्रकाशकाच्या नावातला & 'मिसप्लेस्ड अलाइनमेंट टॅब' म्हणून अडतो. दोन्हींवर उपाय तोच, आधी बॅकस्लॅश.

श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले प्रकरण थेट चिकटवले तर असल्या चुकांचा पाऊस पडतो. तो मजकूर युनिकोड नसतो; तुम्हाला काना-मात्रा दिसते त्या जागी फाइलमध्ये प्रत्यक्षात &, # किंवा कंस बसलेला असू शकतो, आणि लेटेक त्याला आज्ञा समजते. एकेक चूक दुरुस्त करत बसू नका. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

देवनागरीच्या खास तक्रारी

'युनिकोड कॅरेक्टर नॉट सेट अप' दिसले की समजा, फाइल पीडीएफलेटेकने चालवली गेली. आमचे मराठी साचे झीलेटेकवर चालतात; ही दोन्ही लेटेक चालवणारी वेगवेगळी इंजिने आहेत. ओव्हरलीफवरच्या नव्या प्रकल्पात सहसा पीडीएफलेटेक निवडलेले असते. ते सेटिंगमध्ये बदलावे लागते.

याहून वाईट तक्रार म्हणजे न आलेली. फाँटमध्ये देवनागरी नसेल तर झीलेटेक ते अक्षर गुपचूप गाळते आणि 'मिसिंग कॅरेक्टर' एवढेच लॉगमध्ये नोंदवते. पीडीएफ तयार होते, त्यात फक्त शब्द नसतात. आमच्या नव्या साच्यांत 'ट्रेसिंगलॉस्टकॅरॅक्टर्स' या सेटिंगची किंमत आम्ही ३ ठेवली आहे. टेक लाइव्ह (टेक-लेटेकचा एकत्रित संच) २०२१ पासून त्यामुळे ही गळती चूक म्हणून थांबवली जाते. कृपया ती ओळ काढू नका. अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे फुटतात किंवा पहिली वेलांटी भलतीकडे जाते, असे असेल तर फाँटच्या ओळीत लिपी 'देवनागरी' असल्याचे सांगायचे राहिले आहे.

ज्यासाठी फोन करू नये

'ओव्हरफुल एचबॉक्स', म्हणजे ओळ समासाबाहेर गेली, ही चूक नसून सूचना आहे. एक इंच म्हणजे ७२.२७ पॉइंट. तेव्हा ओळ दोन पॉइंट बाहेर गेली तर ती मिलिमीटरभरही बाहेर गेलेली नसते. दहा पॉइंटांच्या पुढे गेल्यास मात्र ते पान उघडून बघा. संदर्भांच्या जागी ?? दिसत असेल तर फाइल पुन्हा एकदा चालवा. तरीही राहिले तर लेबलचे, म्हणजे ज्याचा संदर्भ दिला त्या जागेला ठेवलेले, नाव तपासा.

एवढे करूनही अडले तर लॉग फाइल आणि मूळ फाइल ईमेलने पाठवा. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. त्यात नेमकी पहिली चूक वर सरकून गेलेली असते.