नागासाकीची टेकडी आणि रक्तसाक्षीचा प्रश्न

वसई परिसरातल्या ख्रिस्ती माणसाला ‘रक्तसाक्षी’, म्हणजे श्रद्धेपायी जीव देणारा, हा शब्द नवा नाही. जपानमधल्या नागासाकीत मारल्या गेलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाला तो जोडूनच येतो. युरोपीय भाषांत यासाठी रूढ असलेला ‘मार्टर’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही मूळ अर्थ ‘साक्षीदार’ एवढाच होता आणि न्यायालयात उभ्या राहणाऱ्या साध्या माणसालाही तो लावला जाई. रोमन छळाच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या सुमारास, तो श्रद्धेपायी मारल्या गेलेल्यांसाठी रूढ झाला, आणि त्याबरोबर एक प्रश्नही मागे लागला. जीव देणारा माणूस नेमकी कशाची साक्ष देतो? स्वतःच्या निष्ठेची, की ज्यावर त्याची निष्ठा आहे त्या गोष्टीच्या खरेपणाची?

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा त्याने उत्तम आत्मसात केली आणि कित्येक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. तरीही त्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. पुढे काही काळ व्यापार करून तो स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समधल्या मनिलाला पोहोचला आणि तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाचा धर्मबंधू झाला. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली मनिलाहून वकिलात जपानला गेली, तेव्हा दुभाषी म्हणून गोन्सालो सोबत होते. जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागून फुटले आणि सगळे चित्र पालटले. जहाजावरच्या एका अधिकाऱ्याने बढाई मारली की, स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मागाहून सैन्य. निदान जेझुइटांनी तरी असे सांगितले. फ्रान्सिस्कनांनी मात्र हिदेयोशींचे मन कलुषित केल्याबद्दल जेझुइट आणि पोर्तुगीजांकडे बोट दाखवले. एकाच श्रद्धेची माणसे, एकच घटना, आणि तरी वृत्तान्त दोन. पुराव्याचा विचार करणाऱ्याने इथे थांबायला हवे, कारण यानंतर जे मृत्यू झाले ते धर्मापायी की राजकारणापायी, हा वाद तेव्हापासूनच सुरू झाला.

हिदेयोशींच्या हुकुमाने ख्रिस्ती लोकांना पकडले गेले आणि ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये अशा चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली. ऐन हिवाळ्यात महिनाभर त्यांची धिंड नागासाकीकडे चालली. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या आणखी दोघांनाही त्यांच्यात सामील केले गेले. ५ फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत गोन्सालो यांच्यासह सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक होते, आणि सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. शिक्षेच्या फलकावर लिहिले होते की, फिलिपिन्सहून राजदूत म्हणून आलेले हे लोक मनाई असलेला धर्म शिकवत राहिले. लुईस फ्रोइश या जेझुइटाने लगेचच या घटनेचा वृत्तान्त लिहिला. हा फ्रोइश १५४८ मध्ये गोव्यात उतरला होता आणि तिथूनच पुढे जपानला गेला होता.

मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष होता का, याला चर्चच्या चौकशीत निर्णायक महत्त्व असते, म्हणून फलकावरचा तो मजकूर मोलाचा ठरतो. १६२७ मध्ये या मंडळींना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) आणि ८ जून १८६२ रोजी संत घोषित करण्यात आले. मात्र ही चौकशी मृत्यूचे कारण आणि मरणाऱ्याची निष्ठा तपासते. ख्रिस्ती धर्म खरा आहे, हे निशिझाकाच्या क्रुसांवरून सिद्ध होत नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही, असे मला मनापासून वाटते. आपल्या शब्दासाठी माणूस किती मोल देईल, हे त्या टेकडीवर दिसले, आणि तेवढी साक्ष पुरेशी थोर आहे.

१६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, आणि राज्यकर्त्यांनाही पुरावा हवा झाला. माणसाच्या मनातली श्रद्धा ओळखायची कशी? नागासाकीत दर वर्षी लोकांना ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय द्यायला लावत. तिला ‘फुमि-ए’ म्हणत. १६६९ मध्ये अशा वीस पितळी पाट्या ओतून घेतल्या गेल्या. त्यांतल्या काही आज संग्रहालयात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या पावलांनी त्यांवरचे चेहरे झिजून गुळगुळीत झाले आहेत. नाक-डोळे बोटाने पुसल्यासारखे दिसतात. पाय देणारा प्रत्येक जण ख्रिस्ती नसल्याचा हा पुरावा मानला जाई. प्रत्यक्षात अनेक जण पाय देऊन घरी येत आणि ‘कोंचिरिसान’ ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. उलट बाजूचे उदाहरणही लपवता येत नाही. जेझुइटांचे प्रमुख क्रिस्तोवाँव फेरेइरा यांनी १६३३ मध्ये, खड्ड्यावर उलटे टांगले गेल्यावर, धर्म सोडला आणि पुढे त्याविरुद्ध लिहिले. यातनांखाली काढलेला शब्द श्रद्धेविरुद्धचा पुरावा मानायचा नसेल, तर यातना सोसून टिकलेला शब्दही श्रद्धेच्या सत्याचा पुरावा म्हणून वापरताना तोच संयम पाळावा लागेल.

१८६५ च्या आरंभी नागासाकीत ओउरा चर्चचे उद्घाटन झाले. ते त्याच सव्वीस संतांना अर्पण केलेले होते. १७ मार्चला उराकामी गावचे काही लोक तिथे आले. तिथले फ्रेंच मिशनरी फादर बर्नार प्तीजाँ प्रार्थना करत असताना एका स्त्रीने हळूच सांगितले की आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे, आणि विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? सात पिढ्यांनी पाद्री परततील, असे वाडवडिलांनी सांगून ठेवल्याची परंपरा या लोकांत होती. मरियेची भक्ती, पोपशी निष्ठा आणि पाद्रींचे ब्रह्मचर्य या खुणांवरून त्यांनी समोरच्या परक्या माणसाची पारख केली. अडीचशे वर्षे ज्यांच्याकडून पुरावा मागितला गेला, त्यांनी त्या दिवशी तो मागितला.

बंदी तेव्हाही उठली नव्हती. १८६७ पासून उराकामीच्या लोकांची धरपकड झाली आणि तीन हजारांहून अधिक जणांना गावाबाहेर दूरच्या प्रांतांत पाठवण्यात आले. ज्या घराण्यांनी पितळी पाटीवर पाय दिले होते, त्यांचीच ही मुले-नातवंडे होती. धर्मबंदीचे सरकारी फलक १८७३ मध्ये काढले गेले आणि हयात असलेली माणसे उराकामीला परतू लागली.