'विदाउट-पासवर्ड'चा घोळ : एसएसएचच्या रूट लॉगिनची पार्श्वभूमी

टेल्नेट आणि आर-लॉगिन या दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या जुन्या प्रोग्रॅमांच्या दिवसांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. पासवर्ड वायरीवरून उघडावाघडा जायचा, एवढं पुरे. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड टिपले आणि तिथल्याच एका संशोधकाने त्यावर उतारा म्हणून एसएसएच लिहिलं: काम तेच, पण कूटबद्ध जोडणीतून. पोर्ट (सर्व्हरवर जोडणी घेणाऱ्या दाराचा क्रमांक) मागून घेतला २२, कारण फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ आणि टेल्नेटचा २३ यांच्यामधला तो मोकळा होता. पुढे मूळ प्रोग्रॅमचा परवाना आवळत गेला, तेव्हा जुन्या मुक्त आवृत्तीवरून १९९९ मध्ये ओपनएसएसएच निघालं.

वाटेत पासवर्ड चोरणं त्यामुळे थांबलं, अंदाजाने ओळखणं मात्र थांबलं नाही. नवा सर्व्हर पब्लिक आयपीवर आणा आणि लॉग बघत बसा: रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, नावाने चुकलेल्या पासवर्डांची रांग लागायला फार वेळ लागत नाही. रूट हे नाव जवळपास प्रत्येक युनिक्स यंत्रावर असतंच, म्हणजे निम्मा अंदाज आधीच बरोबर. तरीही रूटला लॉगिन करू द्यायचं का, हे ठरवणाऱ्या सेटिंगचं ओपनएसएसएचमधलं डिफॉल्ट कितीतरी वर्षं 'परमिटरूटलॉगिन येस' असंच होतं. पोर्ट २२ चा २२२२ करून सुरक्षा साधली म्हणणारे अजून भेटतात. त्याने लॉग शांत होतो, एवढंच.

खरा गुंता या सेटिंगच्या 'येस' आणि 'नो' यांच्या मधल्या तिसऱ्या पर्यायाचा. त्याचं नाव 'विदाउट-पासवर्ड'. लिहिणाऱ्यांना म्हणायचं होतं, रूटला पासवर्डने येऊ देऊ नका, 'की' (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) असेल तरच घ्या. वाचणाऱ्याने काय वाचावं? लोकलने 'विदाउट' जाणारा माहीत असलेल्या आपल्यासारख्यांना तर एकच अर्थ सुचणार: हा फुकट आत शिरतोय! घाबरून कित्येकांनी ती ओळ टाळली आणि 'येस' तसंच ठेवलं. म्हणजे जास्त सुरक्षित पर्याय केवळ नावामुळे बदनाम झाला.

बरं, ज्यांनी अर्थ नीट लावला, तेही पुरते सुटले नाहीत. एसएसएचमध्ये पासवर्ड विचारायचे दोन रस्ते आहेत. एक सरळ पासवर्डचा. दुसरा कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह, ज्यात सर्व्हर प्रश्न विचारतो आणि माणूस उत्तर टाइप करतो. पॅम (यंत्रावरची ओळख तपासणारी यंत्रणा) चालू असेल तर तो प्रश्न बहुधा 'पासवर्ड?' हाच. जुना 'विदाउट-पासवर्ड' फक्त पहिला रस्ता अडवत होता. मागचं दार उघडंच असायचं, आणि पडद्यावर दोन्हीकडे दिसायचं तेच. ऑगस्ट २०१५ मधल्या ७.० आवृत्तीत एकदम तीन गोष्टी झाल्या: पर्यायाला 'प्रोहिबिट-पासवर्ड' हे सरळ नाव मिळालं, दोन्ही रस्ते बंद झाले आणि तेच डिफॉल्ट ठरलं. जुनं नाव अजून चालतं, त्यामुळे जुन्या कॉन्फिग फाइलींतून ते डोकावत राहतं. माझ्या मते नाव बदलायला फार उशीर झाला.

'की' वापरली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. डेबियन या लिनक्समधल्या ओपनएसएसएल या कूटबद्धीकरणाच्या पॅकेजमध्ये २००६ साली दोन ओळी गाळल्या गेल्या आणि कीज बनवायला लागणाऱ्या यादृच्छिक आकड्यांचा सगळा भार प्रोसेस क्रमांकावर आला. एका प्रकारच्या, एका लांबीच्या जेमतेम ३२,७६७ कीज शक्य उरल्या. हे उघड झालं मे २००८ मध्ये. तोवर त्या कीज जगभरच्या सर्व्हरवर जाऊन बसल्या होत्या.

अलीकडचा घोळ फाइलींचा आहे. २०२० च्या ८.२ आवृत्तीपासून सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्ये दुसऱ्या फाइली ओढून घेणारं 'इन्क्लूड' लिहिता येतं. उबुंटूमध्ये ती ओळ फाइलीच्या सुरुवातीलाच असते, आणि क्लाउडच्या काही इमेजमध्ये तिने ओढलेल्या '५०-क्लाउड-इनिट' फाइलीत 'पासवर्डऑथेंटिकेशन येस', म्हणजे पासवर्डने येऊ द्या, असतं. अ‍ॅडमिन मुख्य फाइलीत खाली 'नो' लिहितो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो, निवांत होतो. पण एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा एसएसएचचा प्रोग्रॅम, पहिलं सापडलेलं मूल्य धरतो, नंतरचं सोडून देतो. प्रत्यक्षात लागू असलेल्या सेटिंग दाखवणारं 'एसएसएचडी -टी' (मोठा टी) चालवलं की पडद्यावर 'येस' दिसतं. हा नियम काही २०२० चा नव्हे, तो जुनाच. सगळं एका फाइलीत होतं तोवर तो फारसा कुणाच्या पायात येत नव्हता.