शिशाला जखडून ठेवणारं हिरवं खनिज

नागपुरात खनिज म्हटलं की मनसर-कांद्रीचं मँगनीज नाहीतर उमरेडचा कोळसा आठवतो, पण आज सांगायचंय ते पायरोमॉर्फाइटबद्दल. शिसं, फॉस्फेट आणि क्लोरीन, बस्स. वजनाच्या ७६ टक्के नुसतं शिसंच, त्यामुळे घनता ७ च्या आसपास, म्हणजे छोटासा तुकडाही गारगोटीच्या अडीचपट जड लागतो. तरी नरम इतकं की चाकूने ओरखडा पडतो. रंग बहुतेक वेळा हिरवा, कधी पिवळा किंवा तपकिरी, आणि सहा बाजूंचे स्फटिक मधे फुगलेले, टोकाशी कधीकधी पोकळ, खरंच देखणे असतात. ज्योतीत वितळवून थेंब थंड होऊ दिला तर त्या थेंबावर आपोआप पैलू उमटतात, जुने लोक यावरूनच ते ओळखायचे.

हे बनतं गॅलेनापासून, म्हणजे शिसं आणि गंधकाच्या खनिजापासून. वरून पाणी झिरपतं, हवा लागते, गॅलेना हळूहळू झिजून त्यातलं शिसं मोकळं होतं आणि त्याच पाण्यात आजूबाजूच्या खडकातलं फॉस्फेट आलं की दोघं एकमेकांना धरतात ते सुटतच नाहीत. म्हणून खाणीच्या वरच्या थरात मिळतं, खोल गेलं की संपतं. अमेरिकेतली बंकर हिल, जर्मनीतलं बाड एम्स, चीनमधली दाओपिंग ही त्याची नावाजलेली ठिकाणं.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की हे पाण्यात जवळपास विरघळतच नाही. शिशाने बिघडलेल्या मातीत फॉस्फेट मिसळतात ते यासाठीच, आपल्या काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांत जे सुपर फॉस्फेट पडतं तेसुद्धा त्यात चालतं, शिसं मातीतच राहतं पण पाण्यात आणि पोटात खूप कमी जातं. मात्र मातीत आर्सेनिक असेल तर फॉस्फेट त्याला सुटं करतं, म्हणून तपासणीशिवाय टाकायचं नाही. शिशाचे जुने पाइप असलेल्या कित्येक शहरांत पाण्यातही थोडं फॉस्फेट सोडतात, आतून थर बसतो. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने २०१४ मध्ये नदीचं पाणी घेतलं, फॉस्फेट घातलं नाही, आणि शिसं थेट नळाला आलं.

आता आपली हाडं बघा, तीही याच घराण्यातली, फक्त शिशाऐवजी कॅल्शियम. म्हणूनच शिसं शरीरात गेलं की कॅल्शियमची जागा घेत हाडात शिरतं, मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं तिथेच असतं आणि वर्षानुवर्षं राहतं. पण हाड म्हणजे दगड नाही, ते सारखं मोडत-बनत असतं, आणि गरोदरपणात बाळासाठी कॅल्शियम काढलं जातं तेव्हा जुनं शिसंही रक्तात उतरतं. घरच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते असू शकतं, त्यामुळे महाल-इतवारीतल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या घासायला काढली की गरोदर बाई आणि लेकरं त्या धुळीत अजिबात नकोत, आणि घासायच्या आधी रंग ओला करून घ्या.