दृश्य संशोधनपद्धती (ठाणे–नवी मुंबई)

दृश्य संशोधनपद्धती : छायाचित्रे, चलच्चित्रे, नकाशे व रेखाटने यांच्या आधारे समाजाचा अभ्यास करण्याच्या पद्धती. यांत चित्र कधी संशोधक स्वतः काढतो, कधी जुने शोधून आणतो, तर कधी ज्यांचा अभ्यास चालला आहे त्यांच्याच हाती कॅमेरा देतो. अहवालाच्या पानांत शोभेसाठी लावलेले फोटो या पद्धतीत मोडत नाहीत.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड हॅडन यांनी १८९८ साली ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांमधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेवर चलच्चित्रांचा कॅमेरा नेला होता. पुढे मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांनी बाली बेटावर सुमारे २५,००० छायाचित्रे घेतली. त्यांतली ७५९ त्यांच्या १९४२ च्या ग्रंथात आली. भारतातली सुरुवात फारशी अभिमानाची नाही. ब्रिटिश अमदानीत, १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत माणसे जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. समोर उभ्या असलेल्या माणसाला स्वतःबद्दल काही सांगायचे असेल, हे त्या खंडांच्या गावीही नाही.

ही उणीव पुढे छायाचित्र दाखवून घेतलेल्या मुलाखतीने बरीचशी भरून काढली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉन कॉलियर यांनी १९५७ मध्ये ही रीत मांडली. फोटो समोर असला की लोक नेमके बोलतात आणि लवकर कंटाळत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. ठाणे खाडीच्या काठी याचा प्रत्यय सहज येईल. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात ओहोटीच्या वेळचा किनारा फोटोत दाखवला, तर बाहेरच्याला चिखल आणि खारफुटी दिसते. खाडीवर पोट असलेला माणूस त्याच फोटोवर बोट ठेवून होडी काढायची वाट, पाग (फेकायचे जाळे) टाकायची जागा, पूर्वी निवट्या (चिखलातले छोटे मासे) मिळायच्या तो पट्टा दाखवतो. ‘मासेमारी किती घटली?’ या प्रश्नावलीतल्या प्रश्नाला ‘खूप’ एवढेच उत्तर मिळते. फोटोपुढे बसल्यावर कुठे, कधीपासून आणि कशामुळे, हेही निघते.

त्याच जागेचा त्याच कोनातून वर्षांनंतर पुन्हा फोटो घेणे ही दुसरी रीत. तिला नवी मुंबईइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच मिळेल. १९७० मध्ये शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखले गेले आणि एका पिढीच्या डोळ्यांदेखत मिठागरे, भातखाचरे व खाजणे जाऊन सेक्टर आले. विमानतळासाठी तर उलवे टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावे हलवली. उपग्रहचित्रांत हा बदल दिसतो, पण उघाडी (खाडीचे पाणी अडवणारे बांधातले दार) कोण सांभाळत असे किंवा बांधावरून कोणाची वाट जात असे, हे तिथे उमटत नाही. त्यासाठी घरोघरच्या अल्बमांकडे वळावे लागते. लग्नाच्या फोटोत वऱ्हाडामागे दिसणारे शेत हा पुष्कळदा त्या शेताचा एकमेव दृश्य पुरावा असतो. अर्थात लोक फोटो काढतात ते सणासमारंभाला, चिखलणीच्या दिवशी नाही. त्यामुळे अल्बममधला गाव खऱ्या गावापेक्षा नेहमीच जरा नटलेला असतो.

फोटोव्हॉइस या पद्धतीत लोक स्वतः फोटो काढतात, त्यांवर एकत्र बसून बोलतात आणि ते कारभाऱ्यांपुढे मांडतात. कॅरोलाइन वांग व मेरी ॲन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातील ग्रामीण स्त्रियांबरोबर ती घडवली. आता मोबाइलमुळे कॅमेरे वाटण्याचा खर्च राहिला नाही, पण जो तो फोटो काढतो म्हणून संशोधन सोपे झाले असे नाही. फोटोंची निवड कोणी केली, कोणते वगळले, यावरच बहुतेक निष्कर्ष तोलले जातात.

संमतीचा प्रश्न या भागात फार नाजूक आहे. नवी मुंबईच्या गावठाणांतील ‘गरजेपोटी बांधलेली घरे’, म्हणजे कुटुंब वाढल्यावर गावकऱ्यांनी परवानगीविना बांधलेली घरे, हा वर्षानुवर्षे धगधगता विषय. अशा घराच्या वाढीव मजल्याचा फोटो संशोधकाच्या दृष्टीने वाढत्या कुटुंबाची नोंद असते, तर दुसऱ्याच्या हातात तो तक्रारीचा पुरावा होऊ शकतो. चेहरा पुसट केला तरी दारावरची पाटी, शेजारच्या देवळाचा कळस किंवा मोबाइलने फोटोतच साठवलेले ठिकाण घर ओळखून देते. म्हणून फोटो काढताना घेतलेली परवानगी छापण्यासाठी गृहीत धरत नाहीत. छापण्याआधी तो घरच्यांना दाखवून पुन्हा विचारतात. त्यांनी नको म्हटले, तर फोटो वगळून त्यावर झालेले बोलणे तेवढे त्यांच्या संमतीने वापरता येते.