कॉफीचे रोप उन्हात ठेवायचे की सावलीत?

रोप हातात घेतले की बहुतेक ग्राहक हाच प्रश्न विचारतात. त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

कॉफी हे मुळात मोठ्या झाडांच्या आडोशाने वाढणारे झुडूप. अरेबिका जातीचे मूळ घर म्हणजे इथिओपियाच्या नैर्ऋत्य भागातली डोंगराळ जंगले. तिथे वरच्या फांद्यांतून गाळून आलेला उजेड आणि मधूनच सरकत जाणारे कवडसे एवढ्यावरच तिचा संसार चालतो. म्हणून तिच्या पानाची उजेडाची भूक लवकर भागते. निरभ्र आकाशात भर दुपारी दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) प्रकाश पडतो. त्यातल्या ३०० च्या आसपास सावलीत वाढलेले पान तृप्त होते, उन्हात वाढलेले ६०० ते ७०० पर्यंत जाते. त्यापुढचे ऊन म्हणजे भरलेल्या घागरीवर सोडलेला नळ. शिवाय हे सांडलेले पाणी निरुपद्रवी नसते, पण ते पुढे सांगतो.

खरी अडचण उजेडाची नसून हवेची आहे. प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो आत घेणारी पर्णरंध्रे कॉफीच्या पानाला फक्त खालच्या बाजूला असतात. ही दारे भारी भित्री. हवा तापली, कोरडी झाली की पाणी वाचवण्यासाठी ती मिटू लागतात, कधीकधी मुळाशी ओल असूनही. त्यामुळे झाडाचे खरे काम सकाळी उरकते. ऊन चढत जाते तसे काम मंदावते आणि दुपारी वर सूर्य तळपत असताना पान जवळजवळ स्वस्थ बसून असते. साध्या हवेत कॉफीचे पान सेकंदाला चौरस मीटरमागे साधारण ४ ते ११ मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड पचवते. प्रयोगशाळेत तोच वायू भरपूर पुरवला की हा आकडा ३० च्या पुढे जातो. म्हणजे कारखाना मोठा आहे, दार तेवढे अरुंद.

आता ते सांडलेले पाणी. दारे मिटलेली असली तरी हरितद्रव्य उजेड शोषतच राहते. ही वापरात न आलेली ऊर्जा पानातच घातक ऑक्सिजन-रेणू तयार करते. त्यावर झाडाकडे उपाय आहे: पानातली काही पिवळी रंगद्रव्ये रूप बदलून जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतात. मात्र उन्हात वाढलेल्या पानात या रंगद्रव्यांचा साठा मोठा असतो, सावलीतल्या पानात तुटपुंजा.

दोन्ही पाने हातात धरून पाहा. सावलीतले पान रुंद, पातळ, गर्द हिरवे. उजेडासमोर धरले तर शिरांचे जाळे स्वच्छ दिसते. उन्हातले लहान, जाड, चामड्यासारखे आणि किंचित पिवळसर. पान उलटे केले की मधल्या शिरेला बाजूच्या शिरा मिळतात त्या बेचक्यांत बारीक खळगे दिसतील. ती कीड नाही. ते पानाचे नैसर्गिक अंग आहे. (आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी घाबरून विचारतेच.)

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. सावलीत पूर्ण वाढलेले पान नंतर जाड होत नाही. उन्हाशी जुळवून घेतात ती नवी पाने. एका ग्राहकाने आमच्याकडची टवटवीत रोपे नेली आणि त्याच दिवशी उघड्या गच्चीवर मांडली. चार दिवसांत वरच्या पानांवर फिकट पांढरे चट्टे आले आणि मग ते तपकिरी होऊन करपले. त्यांना वाटले पाणी कमी पडले, म्हणून त्यांनी आणखी पाणी घातले. चूक आमचीही होती. सांगायला हवे होते ते आम्ही सांगितले नव्हते. रोप आधी निम्म्या सावलीत ठेवा, मग काही आठवडे फक्त सकाळचे कोवळे ऊन द्या आणि नव्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्यावरच ऊन वाढवा. या काळात खताची, विशेषतः नत्राची, उपासमार करू नका. संरक्षक रंगद्रव्यांची जमवाजमव पोसलेल्या झाडालाच जमते.

मग ब्राझीलमध्ये मैलोन्‌मैल कॉफी उघड्या उन्हात कशी पिकते? पिकते, आणि भरघोस पिकते. उन्हात पेरे जास्त येतात, त्यांवर फुले जास्त धरतात. पण कॉफी जादा फळे फारशी गाळत नाही. एका फळाला पोसायला साधारण २० चौरस सेंटिमीटर पान लागते. पाने कमी आणि फळे जास्त झाली की झाड फांद्यांतला साठा उपसते, शेंडे वाळतात आणि पुढच्या वर्षी बहर रोडावतो. तिथे हे खत, पाणी आणि छाटणीने सांभाळतात. बेताच्या सावलीत फुले कमी येतात, पण फळ सावकाश पिकते आणि बी बहुधा टपोरे भरते. दाट अंधारात मात्र नुसत्या लांब, किडकिडीत फांद्या मिळतील.

आमचे मत विचाराल तर दुपारची सावली आणि सकाळचे ऊन. पान बिघडले असे वाटले तर अख्खे रोप उचलून आणू नका. एक बिघडलेले आणि एक चांगले पान देठासकट आणा आणि दोन्ही झाडाच्या कोणत्या बाजूची होती ते लक्षात ठेवा.