मेथोट्रेक्सेटनंतरची ल्युकोव्होरिन: वेळेवरच घ्यायचं औषध

केमोच्या कागदावर मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाखाली ल्युकोव्होरिन लिहिलेलं दिसलं की बऱ्याच जणांना वाटतं, व्हिटॅमिनसारखंच काहीतरी आहे, रात्रीचा एखादा डोस राहिला तर काय बिघडतंय. बिघडतं, आणि चांगलंच बिघडतं.

पेशीला दोन व्हायचं तर नवीन डीएनए लागतो, त्यासाठी तयार रूपातलं फोलेट (एक बी व्हिटॅमिन) लागतं, आणि ते तयार करतं डीएचएफआर नावाचं एन्झाइम. मेथोट्रेक्सेट नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. कॅन्सरची पेशी अडकते हे खरं, पण बोन मॅरो (हाडातला रक्त बनवणारा भाग), तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर हेसुद्धा सतत नव्या पेशी बनवत असतात, मग तेही सापडतात. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 500 मिलिग्रॅम किंवा त्याच्या वर गेलं की हाय डोस म्हणतात, हाडाच्या ऑस्टिओसार्कोमात तर 12 ग्रॅमपर्यंत देतात. एवढा डोस रेस्क्यूशिवाय, म्हणजे चांगल्या पेशींना वाचवणाऱ्या ल्युकोव्होरिनशिवाय, दिला तर जिवावरच बेतेल.

ल्युकोव्होरिन, म्हणजेच फॉलिनिक ॲसिड, हे त्या एन्झाइमची गरजच नसलेलं फोलेट. साधी फॉलिक ॲसिडची गोळी इथे चालत नाही, कारण तिला त्याच अडकलेल्या एन्झाइममधून जावं लागतं. गिरणीच बंद असेल तर गहू आणून काय करणार, पीठच द्यायला हवं.

मग ते कॅन्सरलाही वाचवणार नाही का? म्हणून तर आधी काही तास मेथोट्रेक्सेटला मोकळं सोडतात आणि रेस्क्यू साधारण 24 ते 42 तासांनी सुरू करतात, मग बहुतेक वेळा दर 6 तासांनी. फार लवकर दिलं तर केमोचा परिणामच कमी व्हायची भीती, आणि फार उशीर झाला तर झालेलं नुकसान नंतर कितीही डोस दिले तरी भरून येत नाही. रक्तातली मेथोट्रेक्सेटची लेव्हल जास्त निघाली तर डोस वाढवतात, आणि ती 0.1 किंवा काही ठिकाणी 0.05 मायक्रोमोल प्रति लिटरच्या खाली येईपर्यंत थांबवत नाहीत, त्यामुळे 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्या बंद करणं हा निव्वळ जुगार आहे. गोळीनंतर उलटी झाली तर लगेच कळवायचं, शिरेतून देता येतं. शिवाय एका वेळी 25 मिलिग्रॅमच्या वरचा डोस तोंडाने नीट शोषला जात नाही.

अजून एक गोष्ट, ल्युकोव्होरिन रक्तातलं मेथोट्रेक्सेट काढत नाही. ते काम किडनीचं. लघवी ॲसिडिक असली तर औषधाचे खडे किडनीत बसतात, म्हणून सलाइन आणि सोडा बायकार्ब चालू असतं. दुखतंय म्हणून घेतलेली आयबुप्रोफेन, ॲसिडिटीची पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक, यांनी मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं मंदावू शकतं, तेव्हा विचारल्याशिवाय काहीच नको. छातीत किंवा पोटात पाणी साठलेलं असेल तरी मेथोट्रेक्सेट तिथे अडकून हळूहळू रक्तात येत राहतं. किडनीच बसली तर मेथोट्रेक्सेटचे तुकडे करणारं ग्लुकार्पिडेज आहे, अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झालेलं, पण ते ल्युकोव्होरिनलाही तोडतं, म्हणून दोन्हींच्या मध्ये 2 तासांचं अंतर ठेवतात.

गंमत म्हणजे हेच ल्युकोव्होरिन आतड्याच्या कॅन्सरमध्ये 5-एफयू या दुसऱ्या केमोच्या औषधासोबत देतात तेव्हा वाचवत नाही, उलट 5-एफयूची धार वाढवतं. तिथे जुलाब आणि तोंड येणंही वाढतं, वयस्कर पेशंटला जास्त, आणि जुलाब सुरू झाले की वाट बघत बसायचं नाही.

एरवी त्याचा स्वतःचा त्रास कमीच, ॲलर्जी क्वचित. फिट्सची फेनिटॉइनसारखी औषधं चालू असतील तर आधी सांगावं, त्यांचा असर कमी होऊ शकतो. बी12 कमी असेल तर ल्युकोव्होरिनमुळे रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. ल्युकोव्होरिनमध्ये कॅल्शियम असतं, त्यामुळे शिरेतून मिनिटाला 160 मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देत नाहीत. पाठीच्या मणक्यातून तर कधीच नाही, त्याने मृत्यू ओढवू शकतो. आणि लिव्होल्युकोव्होरिन नावाचा प्रकार मिळाला तर त्याचा डोस निम्मा असतो, तेव्हा नाव बदललेलं दिसलं की मिलिग्रॅम परत विचारून घ्या.