व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवर आम्ही तुम्हालाच का बसू देत नाही?

(आमच्या देखभाल ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जिनिंगचा सीझन असो की डाळ मिलची रोजची धावपळ, आमच्याकडे फोन येतो तो बहुतेक असाच: फायलींची नावं आपोआप बदलली, टॅली उघडत नाही, स्क्रीनवर पैशांची मागणी आली आहे. अशा वेळी त्या कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला आम्ही आधी उठवतो आणि त्याचं लॉगिन बंद करतो. "दादा, गाडी भरून उभी आहे, एवढं एक बिल काढू द्या," असं तुम्ही म्हणता. तुमची अडचण खरी असते, तरीही आम्ही नाही म्हणतो.

यात तुमच्या अकाउंटंटवर संशय मुळीच नाही, हे शेठ लोकांनी आणि स्टाफनेही लक्षात घ्यावं. व्हायरस ज्याच्या लॉगिनमध्ये शिरतो, त्याच्याच अधिकाराने काम करतो. अकाउंटंट ताईंना सर्व्हरवरचे जे फोल्डर उघडता येतात, ते त्यालाही उघडतात. काही व्हायरसना तर माणूसही लागत नाही. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीतून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जात होता. त्या त्रुटीवरचा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, ते सापडले.

आम्ही पोहोचेपर्यंत

नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, पण कॉम्प्युटर चालू राहू द्या. व्हायरस कुठून आला, काय करतोय, याच्या खुणा मेमरीत असतात आणि बंद करताच त्या पुसल्या जातात. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून मशीन यूपीएसवरच ठेवा. अपवाद एकच: वायर सापडत नाही, वायफाय तुटत नाही आणि फायली डोळ्यांदेखत बदलत आहेत, तर सरळ बंद करा. तिथे खुणांपेक्षा डेटा मोठा. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, डिजिटल सिग्नेचरचं टोकन काढून घ्या. आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह कृपा करून लावू नका. घाबरून लावलेल्या पेनड्राइव्हवरचा एकुलता एक बॅकअपही त्यात जातो.

लॉगिन बंद करताना

नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण आधीच उघडलेलं सेशन, म्हणजे एकदा लॉगिन करून सुरू झालेलं काम, चालूच राहतं. म्हणून सर्व्हरवर ते खातं बंद करून त्याची चालू सेशन तोडावी लागतात. ईमेलची सेशन आम्ही दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बंद करतो. एवढ्यानेही काम संपत नाही. सर्व्हर असलेल्या ऑफिसात विंडोज शेवटच्या काही जणांची लॉगिन माहिती त्या मशीनवरच जपून ठेवतं, मूळ सेटिंगमध्ये १० जणांची. त्यामुळे वायर काढलेल्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरने बंद केलेलं खातंही जुन्या पासवर्डने उघडू शकतं. आम्ही कीबोर्ड-माउस काढून तारीख-वेळेची चिठ्ठी लावतो, ते यासाठी. कृपया ती काढू नका. आमचा माणूसही तिथे सर्व्हरचा मुख्य पासवर्ड टाकत नाही. व्हायरस तो उचलू शकतो.

"फॉरमॅट मारा आणि संध्याकाळपर्यंत द्या" हा आग्रह आम्हाला सगळ्यात जास्त होतो, आणि तो आम्ही मान्य करत नाही. फॉरमॅटने मशीन स्वच्छ दिसेल, पण चोर कोणत्या दाराने आला ते कळणार नाही. चोरलेला पासवर्ड त्याच्याकडे तसाच राहील आणि तो पुन्हा येईल. आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत घेऊ, मग फॉरमॅट.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असे प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायचे असतात. त्याचा मजकूर आम्ही तयार करून देऊ. बँकेतून पैसे गेले असतील तर आमची वाट न पाहता बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

दरम्यान ई-वे बिल किंवा जीएसटीचं काम दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर होतं. आधी तिथूनच त्या पोर्टलचे पासवर्ड बदला.

आजच एक काम करून ठेवा. शेठ लग्नाला सुरतेला गेलेले आणि फोन लागत नाही, अशा वेळी लॉगिन बंद करायला होकार कोणी द्यायचा? या पत्रकाच्या मागे दोन नावं आणि मोबाइल नंबर लिहा, सही करा आणि आमच्या माणसाकडे द्या.